उरलेल्या वायूची साक्ष : टर्बोचार्जरयुक्त एंजिनातील वायु-इंधन प्रमाणाच्या मापनाचा इतिहास

एक किलोग्रॅम पेट्रोल एंजिनात पूर्णपणे जळावयाचे असेल तर त्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. या प्रमाणास समतोल प्रमाण म्हणता येईल. हवा त्याहून कमी पडली तर मिश्रण ‘समृद्ध’ होते आणि अधिक झाली तर ‘विरळ’ होते. गॅरेजमध्ये मात्र ‘रिच’ आणि ‘लीन’ हेच शब्द रूढ आहेत. टर्बोचार्जर बसविलेल्या मोटारीत हे प्रमाण दाखविणारा मापक असला, तर त्यावरील आकडा सिलिंडरात शिरलेल्या मिश्रणाचेच वर्णन करतो, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः मोटारीतील असा मापक मिश्रणाकडे पाहतच नाही. तो पाहतो ते मिश्रण जळून गेल्यानंतर मागे राहिलेल्या वायूंकडे. आणि त्यांच्या साक्षीवरून मूळ मिश्रण कसे असावे याचे अनुमान करतो. अनुमानाची ही पद्धत शंभर वर्षांत अनेकदा बदलली. प्रत्येक बदलाबरोबर आकडा अधिक सूक्ष्म झाला, परंतु त्याचे अनुमानस्वरूप काही पालटले नाही. हे विसरल्यामुळे होणारी हानी टर्बोचार्जरयुक्त एंजिनात सर्वांत अधिक असते. तिची कारणे ध्यानी येण्यासाठी या मापनाचा इतिहास पाहणे आवश्यक आहे.

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट होईल. इंग्रजीत मिश्रणास ‘रिच’ व ‘लीन’, जर्मनमध्ये ‘फेट’ व ‘मागर’, म्हणजे लठ्ठ व कृश, आणि फ्रेंचमध्ये ‘रिश’ व ‘पोव्र’, म्हणजे श्रीमंत व दरिद्री, असे म्हणतात. या तिन्ही भाषांतील शब्दयोजना इंधनाच्या बाजूने केलेली आहे; ज्यात इंधन पुष्कळ ते संपन्न, ज्यात थोडे ते हीन. आजचे मापक मात्र प्राणवायूच्या बाजूने हिशेब करतात. विरळ मिश्रणाच्या ज्वलनानंतर प्राणवायू शिल्लक राहतो. समृद्ध मिश्रणाच्या ज्वलनानंतर तो जवळजवळ संपलेला असतो आणि अर्धवट जळालेले कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन हे वायू मागे राहतात. म्हणजे बोलणारा इंधनाविषयी बोलतो आणि यंत्र प्राणवायूविषयी सांगते. एरवी या दोन भाषांचे भाषांतर बिनचूक होते. परंतु काही परिस्थितींत ते फसते, आणि नेमक्या त्याच परिस्थिती टर्बोचार्जरयुक्त एंजिनात वारंवार उद्भवतात.

आरंभीच्या काळात अनुमानाचे साधन म्हणजे माणसाची ज्ञानेंद्रिये. स्पार्क प्लग बाहेर काढून त्याच्या टोकाचा रंग पाहणे, धुराचा वर्ण व वास घेणे, निष्कास नळीच्या तोंडाशी दिसणारी ज्वाला निरखणे, या रीतींवर यांत्रिकांच्या पिढ्या पोसल्या. काळी काजळी म्हणजे समृद्ध, पांढुरका प्लग म्हणजे विरळ, हे सूत्र स्थूलमानाने खरे होते. तथापि प्लगचा रंग अनेक मिनिटांच्या ज्वलनाची सरासरी सांगतो; एका क्षणी काय घडले हे त्यास सांगता येत नाही.

रासायनिक पृथक्करणाने या अनुमानास शास्त्रीय पाया मिळाला. अमेरिकेत डॅलेव्हा आणि लव्हेल यांनी १९३६ मध्ये निष्कास वायूंची घटना आणि वायु-इंधन प्रमाण यांचा संबंध मांडून दाखविला. पुढे १९६५ मध्ये स्पिंट यांनी आणि १९७९ मध्ये बॉश कंपनीतील ब्रेटश्नायडर यांनी हे गणित अधिक परिपूर्ण केले. प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, प्राणवायू व अदग्ध इंधन या सर्वांची साक्ष एकत्र घेतली जाते. म्हणून एखाद्या साक्षीतील विसंगती उघड होऊ शकते. धावत्या वाहनात इतक्या साक्षी गोळा करणे व्यवहार्य नव्हते. तेथे एकाच साक्षीवर भागवावे लागले, आणि मापनाच्या पुढील सर्व अडचणींचे मूळ या एकाच साक्षीत आहे.

एका साक्षीवर चालणारे पहिले महत्त्वाचे वाहनारूढ यंत्र मोटारीत नव्हे, तर विमानात आले. उंचीवर हवा विरळ होत असल्याने विमानाच्या एंजिनास मिश्रणाची चिंता सतत करावी लागे. केंब्रिज इन्स्ट्रुमेंट कंपनीच्या निष्कास-वायु विश्लेषकात तापलेल्या तारेभोवतून वायूचा नमुना जाई. तो वायू उष्णता किती वाहून नेतो यावरून त्याची घटना ओळखली जाई. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा उष्णता कमी वाहून नेतो. हायड्रोजन कितीतरी अधिक. मिश्रण समृद्ध होत गेले की हायड्रोजन वाढतो, म्हणून समृद्ध बाजूस हे यंत्र उत्तम चाले. परंतु समतोल ओलांडून मिश्रण विरळ होऊ लागले की कार्बन डायऑक्साइड पुन्हा घटतो आणि काटा मागे फिरतो. म्हणजे काट्याच्या एकाच स्थितीचे दोन अर्थ संभवतात. आपण समतोलाच्या कोणत्या बाजूस आहोत हे वैमानिकास दुसऱ्या मार्गाने ठाऊक असावे लागे.

अमेलिया इअरहार्ट यांनी १९३७ च्या जगप्रवासासाठी घेतलेल्या लॉकहीड इलेक्ट्रा विमानात असा विश्लेषक बसविलेला होता, आणि लॉकहीडचे अभियंता केली जॉन्सन यांनी इंधन पुरविण्याच्या दृष्टीने मिश्रण कसे राखावे याविषयी त्यांना मार्गदर्शन केले होते. त्या काळच्या विमानविद्येत इंधनास हवेने भागून येणारा अंक वापरीत. आजच्या मोटारविद्येत हवेस इंधनाने भागतात. त्या पद्धतीतील ०.०८ म्हणजे आजचे १२.५. पहिल्या पद्धतीत मोठा अंक समृद्धतेचा, दुसऱ्या पद्धतीत विरळतेचा. वस्तुस्थिती एकच असून केवळ लिहिण्याच्या रीतीमुळे अंकाची दिशा उलटली. जुने अहवाल वाचणाऱ्या अभ्यासकाने प्रथम हे तपासले नाही, तर त्याचे सर्व निष्कर्ष विपरीत ठरतील.

टर्बोचार्जरची मूळ कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांची असून तिचे पेटंट १९०५ चे आहे. निष्कास वायूंच्या जोरावर चाक फिरवावयाचे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चाकाने हवा दाबून सिलिंडरात भरावयाची, ही ती कल्पना होय. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये पाइक्स पीक या पर्वतावर लिबर्टी एंजिनाच्या साहाय्याने तिची परीक्षा घेतली. दुसऱ्या महायुद्धात टर्बोचार्जरयुक्त पी-३८ विमाने प्रशांत महासागरात लढत असता चार्ल्स लिंडबर्ग यांनी १९४४ मध्ये न्यू गिनीतील वैमानिकांना एक रीत शिकविली : फेरे कमी ठेवावेत, दाब बेताचा अधिक ठेवावा आणि मिश्रण विरळ करावे. एंजिने यामुळे बिघडतील अशी वैमानिकांना भीती वाटे. प्रत्यक्षात विमानांचा पल्ला वाढला. याच युद्धात पूर्ण शक्तीच्या वेळी मात्र एंजिनांना मुद्दाम समृद्ध मिश्रण देत. जादा इंधनाची वाफ होताना ते उष्णता शोषून घेते आणि ज्वलनाचे तापमान उतरते. यावरून असे दिसून येते की, वायु-इंधन प्रमाण स्वतः बरे किंवा वाईट नसते. मंद भारावर १६ हा अंक काटकसरीचा ठरतो. पूर्ण दाबाखाली तोच अंक घातक ठरू शकतो.

घातक कशामुळे, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. दाबून भरलेली हवा तापलेली असते. ती सिलिंडरात आणखी दाबली गेली की ज्वालेचा प्रवाह पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातील मिश्रण आपोआप पेटते. यास नॉकिंग म्हणतात. हॅरी रिकार्डो यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत त्याचा पायाभूत अभ्यास केला. नॉकिंगमुळे पिस्टनवरील वायूचे संरक्षक आवरण उद्ध्वस्त होते, उष्णता धातूत शिरते आणि पिस्टन काही क्षणांत वितळू वा फुटू शकतो. म्हणून आकड्याचा चुकीचा अर्थ लावण्याची किंमत साध्या एंजिनात इंधनाचा अपव्यय एवढीच असली, तरी टर्बोचार्जरयुक्त एंजिनात ती संपूर्ण एंजिन अशी असू शकते.

हा धोका मोटारींच्या निर्मात्यांनी प्रारंभापासून ओळखला होता. अमेरिकेत १९६२ मध्ये निघालेल्या ओल्ड्समोबील जेटफायर या मोटारीत टर्बोचार्जरच्या जोडीस पाणी व मेथॅनॉल यांचे द्रावण फवारण्याची योजना होती. टाकीतील द्रावण संपले तर दाब मर्यादित करणारी झडपही होती. मिश्रण पाहण्याचे साधन मात्र चालकापाशी नव्हते. ग्राहक द्रावण भरावयास विसरत. ही मोटार १९६३ नंतर बंद झाली. स्वीडनच्या साब कंपनीने १९७७ मध्ये फ्रँकफुर्ट येथे ‘९९ टर्बो’ मांडली. तिच्या दोन लिटरच्या एंजिनाची शक्ती १४५ अश्वशक्ती होती. नित्याच्या वापरातील मोटारीस टर्बोचार्जर मानवतो हे तिने सिद्ध केले. पुढे १९८२ च्या सुमारास साबने नॉकिंगचे कंपन टिपून दाब आपोआप उतरविणारी योजना आणली. ही योजना मिश्रणाचा आकडा वाचीत नसे. एंजिनाचा ठोका ऐकत असे. वाचण्यापेक्षा ऐकणे अधिक विश्वासार्ह ठरण्याचे प्रसंग या क्षेत्रात पुढेही आले.

मिश्रणाच्या मापनात क्रांती झाली ती मात्र शक्तीच्या हव्यासामुळे नव्हे, तर धुराच्या चिंतेमुळे. अमेरिकेच्या १९७० च्या शुद्ध हवा कायद्याने मोटारींच्या धुरावर कडक बंधने आली. तीन प्रकारचे दूषित वायू एकाच वेळी निरुपद्रवी करणारा उत्प्रेरक उपलब्ध झाला, परंतु तो मिश्रण समतोलाच्या अगदी निकट असेल तेव्हाच नीट काम करी. समतोल ओळखणारे स्वस्त व टिकाऊ इंद्रिय हवे होते. त्याची बीजे जुनी होती. वॉल्टर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये विद्युत्‌दाब व द्रव्याची संहती यांचा संबंध सांगणारे समीकरण मांडले होते. तापविलेल्या झिर्कोनियम ऑक्साइडमध्ये इट्रियम ऑक्साइड मिसळले असता ते विद्युत् वाहते, हेही त्यांनीच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखविले आणि त्यावर एक दिवा तयार केला. या वहनात प्राणवायूचे आयन हिंडत असतात, याचा उलगडा कार्ल वाग्नर यांनी १९४३ मध्ये केला. अशा झिर्कोनियाच्या भिंतीच्या एका बाजूस बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूस निष्कास वायू ठेवला, तर दोन्हीकडील प्राणवायूच्या अंतराप्रमाणे विद्युत्‌दाब निर्माण होतो. बॉश कंपनीने या तत्त्वावर घडविलेला संवेदक १९७६ मध्ये व्होल्वो कंपनीच्या २४० मालिकेतील मोटारींत प्रथम बसविण्यात आला. प्रत्यक्ष हवेस समतोलासाठी लागणाऱ्या हवेने भागून येणाऱ्या अंकास ग्रीक अक्षरावरून लॅम्डा म्हणत. त्यावरून त्याचे नाव लॅम्डा संवेदक पडले.

या संवेदकाची भाषा जेमतेम दोन शब्दांची होती. मिश्रण समृद्ध असता तो सुमारे ०.९ व्होल्ट आणि विरळ असता सुमारे ०.१ व्होल्ट दाब देई. मधला प्रवास समतोलाच्या अगदी अरुंद पट्ट्यात, एखाद्या कड्यावरून उडी घ्यावी तसा होई. ‘समृद्ध’ की ‘विरळ’ एवढे तो सांगे. ‘किती’ हे सांगण्याचे त्याचे कामच नव्हते. उत्प्रेरकास तेवढे पुरेसे होते, कारण एंजिनाचे नियंत्रण करणारी पेटी क्षणाक्षणाला इकडून तिकडे डोलत समतोलाभोवती राहू शकत असे. टर्बोचार्जर पूर्ण दाबाने चालू लागला की लॅम्डा ०.८ ते ०.८५ च्या आसपास, म्हणजे पेट्रोलच्या मापात सुमारे ११.८ ते १२.५, इतके समृद्ध मिश्रण द्यावे लागे. त्या क्षणी नियंत्रण-पेटी संवेदकाचे ऐकणे थांबवी आणि आधी ठरवून दिलेल्या कोष्टकाप्रमाणे इंधन देई. याच अवस्थेत अनेक हौशी चालकांनी या दोन शब्दांच्या संवेदकास रंगीत दिव्यांची पट्टी जोडली आणि ०.८५ व ०.९० व्होल्ट यांतील अंतरातून समृद्धतेची मात्रा वाचण्याचा प्रयत्न केला. तो फरक संवेदकाच्या तापमानावरही अवलंबून असतो. जो शब्द त्या भाषेत नाही तो तिच्यात ऐकण्याचा हा प्रयत्न होता.

‘किती’ सांगणारा विस्तृत-पट्ट संवेदक १९८० च्या दशकात विकसित झाला. होंडाने १९९२ च्या सिव्हिक मोटारीच्या विरळ-ज्वलन एंजिनात तशा प्रकारचा संवेदक वापरला. यात झिर्कोनियाचे दोन कोष असतात. निष्कास वायूचा थोडा अंश एका सच्छिद्र अडथळ्यातून लहानशा कोठडीत झिरपतो. पहिला कोष त्या कोठडीत समतोल आहे की नाही हे पाहतो. दुसरा कोष विद्युत्‌प्रवाहाच्या बळावर प्राणवायू बाहेर उपसतो किंवा आत सोडतो, जेणेकरून समतोल टिकून राहावा. त्यास किती प्रवाह लागला आणि कोणत्या दिशेने लागला, हेच मापन होय. विरळ मिश्रणात प्राणवायू उपसावा लागतो, समृद्ध मिश्रणात पुरवावा लागतो. ही रचना विलक्षण सूक्ष्म आहे. परंतु साक्ष अद्याप त्या एकाच वायूच्या हिशेबाची आहे.

या साक्षीच्या मर्यादा टर्बोचार्जरयुक्त एंजिनात चार प्रकारांनी प्रकट होतात. पहिली दाबाची. टर्बाइनच्या अलीकडे निष्कास वायूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच अधिक असतो. तेथे संवेदक बसविल्यास अडथळ्यातून अधिक वायू झिरपतो आणि प्रवाह वाढतो. परिणामी विरळ मिश्रण आहे त्याहून विरळ व समृद्ध मिश्रण आहे त्याहून समृद्ध भासते. शिवाय तेथील उष्णताही संवेदकास सोसवत नाही. म्हणून तो सामान्यतः टर्बाइनच्या पलीकडे बसवितात. दुसरी मर्यादा ज्वलन चुकण्याची. अति समृद्ध मिश्रणामुळे किंवा दुर्बळ ठिणगीमुळे एखादे सिलिंडर पेटलेच नाही, तर त्यातील सर्व प्राणवायू न वापरता बाहेर पडतो. मापक ‘विरळ’ म्हणतो. चालक आणखी इंधन वाढवितो. आणि मूळ दोष अधिकच बळावतो. निष्कास नळीस असलेल्या फटीतून हवा आत खेचली गेली तरी हीच फसवणूक होते.

तिसरी मर्यादा आधुनिक थेट-फवारणीच्या एंजिनांत दिसते. मंद फेऱ्यांवर टर्बोचार्जरास वेग यावा म्हणून दोन्ही झडपा काही काळ एकदम उघड्या ठेवतात आणि ताजी हवा सिलिंडरातून सरळ निष्कास नळीत वाहून जाते. संवेदक या न वापरलेल्या हवेचाही हिशेब धरतो. मापकावर समतोल दिसत असता सिलिंडरात प्रत्यक्ष समृद्ध मिश्रण असते. चौथी मर्यादा सरासरीची, आणि ती सर्वांत कपटी आहे. चार सिलिंडरांचा धूर एकत्र झाल्यावर संवेदकास भेटतो. तिघांना थोडे जास्त इंधन मिळाले आणि एकाचा फवारा अर्धवट चोंदला, तर सरासरी निर्दोष दिसते. पिस्टन मात्र सरासरीने वितळत नाही. वितळतो तो त्या एका सिलिंडरातला. अशा प्रसंगी साबच्या योजनेप्रमाणे ठोका ऐकणारे यंत्रच उपयोगी पडते.

यापुढचा प्रश्न परिमाणाचा आहे. विस्तृत-पट्ट संवेदक खरे पाहता लॅम्डा मोजतो. मापकावर दिसणारा १४.७ किंवा १२ हा अंक म्हणजे त्या लॅम्डाचा १४.७ शी केलेला गुणाकार होय. इंधन शुद्ध पेट्रोल असेल तरच तो अंक किलोग्रॅमांचे खरे प्रमाण सांगतो. होंडाने १९८८ च्या फॉर्म्युला वन शर्यतींसाठी ८४ टक्के टॉल्युइन व १६ टक्के हेप्टेन असे इंधन वापरले होते. त्या दीड लिटरच्या टर्बो एंजिनाने चालणाऱ्या मॅक्लॅरेन मोटारींनी त्या वर्षी १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. टॉल्युइनचे समतोल प्रमाण सुमारे १३.५ आणि हेप्टेनचे सुमारे १५.१ असल्याने त्या मिश्र इंधनाचा समतोल १३.७ च्या जवळपास येतो. त्या एंजिनावर पेट्रोलचा मापक लावला असता, तर त्यावर १४.७ दिसत असताना प्रत्यक्ष प्रमाण १३.७ असते.

हा प्रश्न आज शर्यतींपुरता राहिलेला नाही. भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस आले, आणि त्या इथेनॉलचा एक मोठा स्रोत महाराष्ट्रातील ऊस हा आहे. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू अगोदरच असल्याने त्याचे समतोल प्रमाण सुमारे ९ आहे. म्हणून २० टक्के मिश्रणाचा समतोल सुमारे १३.५ वर येतो. नियंत्रण-पेटीने पूर्वीइतक्याच वजनाचे इंधन दिले तर मिश्रण सुमारे ९ टक्क्यांनी विरळ होईल. मंद भारावर संवेदकाचे ऐकून ती हा फरक भरून काढते. जुन्या टर्बो मोटारीत पूर्ण दाबाच्या वेळी ती कोष्टकावर विसंबत असेल आणि मंद भारावर शिकलेली दुरुस्ती तेथे लागू करीत नसेल, तर नेमका धोक्याच्या क्षणी फरक तसाच राहतो. येथे मापकाचा अंक लॅम्डा म्हणून वाचणारा सुरक्षित राहतो. कारण मापकावरील १२ म्हणजे लॅम्डा ०.८२, हे कोणत्याही इंधनात खरे असते. तोच अंक किलोग्रॅमांचा समजून त्याची १३.५ शी तुलना करणारा मिश्रणास आहे त्याहून विरळ मानतो. मापकावर १३.२ दिसत असता तो समतोल जवळ आल्याचे समजेल. प्रत्यक्षात लॅम्डा ०.९ असते. याउलट पूर्वीचा फरक भरून निघाला आहे असे गृहीत धरून आकड्याकडे न पाहणारा खरी विरळताही दृष्टीआड करतो.

अलीकडच्या काळात निष्कास वायू थंड करणारे शीर्ष, पाण्याची फवारणी यांसारख्या उपायांनी पूर्ण दाबाखालीही समतोल राखण्याकडे निर्मात्यांचा कल आहे. बीएमडब्ल्यूच्या २०१६ च्या एम-४ जीटीएस मोटारीत पाण्याची फवारणी होती. ओल्ड्समोबीलने १९६२ मध्ये ज्या मार्गास हात घातला होता, त्याच मार्गाकडे तंत्रविद्या अधिक चांगल्या साधनांनिशी परतली, असे म्हणावयास हरकत नाही.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. प्लगचा रंग, केंब्रिजचा काटा, दोन शब्दांचा संवेदक आणि आजचा विस्तृत-पट्ट संवेदक, या चारही साधनांनी ज्वलनानंतर मागे राहिलेल्या खुणांची साक्ष दिली. मूळ मिश्रण त्यांपैकी एकानेही पाहिले नाही. म्हणून कोणताही आकडा पुढे आला की तो कोणत्या वायूच्या हिशेबावर आधारलेला आहे, कोणत्या मापात लिहिला आहे, आणि तो घेतला तेव्हा एंजिनावर किती दाब होता, हे तीन प्रश्न आधी विचारावे लागतात. जुन्या यांत्रिकास प्लग पाहताना हे प्रश्न आपोआप सुचत, कारण प्लगचा रंग अस्पष्ट असल्याची त्याला जाणीव होती. दशांश चिन्हासह झळकणारा आकडा ती जाणीव मिटवितो. साक्षीदार अधिक स्पष्ट बोलू लागला, एवढ्यानेच त्याने अधिक पाहिले असे सिद्ध होत नाही.